तुझा टॅन, त्याचा लाल

छोटे, बाकीचं सगळं नंतर, आधी एक ऐकून घे. नवरा मोबाईलवर लाल सीटचे फोटो दाखवत असताना त्याच्या मित्रांसमोर ‘डान्सबार करायचाय का गाडीचा’ असं म्हणायचं नसतं. घरात म्हण, मला फोन करून म्हण, हवं तर दहा वेळा म्हण. तू हसत म्हणालीस, मित्र हसले, तोही हसला आणि तुला वाटलं विषय मिटला. त्याच रात्री त्याचा तुझ्या दाजींना फोन आला. बराच वेळ फोमची जाडी, शिलाई, रेक्झीनचे प्रकार असं काहीबाही विचारत राहिला आणि ठेवताना म्हणाला, ‘जाऊ द्या दादा, तिला आवडेल ते बसवू.’ हे मी तुला सांगितलं, ते त्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस. पण हौसेच्या गोष्टीत माणूस ‘जाऊ द्या’ म्हणायला लागला की मला काळजी वाटते.

गाडी दोघांची आहे, हप्ता दोघांच्या पगारातून जातो, तेव्हा तुला मत आहेच. मी तुझं मत बदलायला बसलेली नाही. तुझा टॅन रंग मलाही आवडतो. फक्त त्याच्या लाल रंगाला हसण्याआधी तो कुठून आला ते तुला माहीत असावं, एवढ्यासाठी हा सगळा पसारा.

तू पुण्यात आहेस, तुझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या आतून एकसारख्या असतील. मोडनिंबला हायवेकडेला आमच्या कुशनच्या दुकानात बसून मला मात्र दुनिया दिसते. हे आत मशीनवर कुशन शिवतात, मी गल्ल्यावर. सोलापूरची गाडी येते, टेंभुर्णीची येते, पंढरपूरच्या फाट्यावरून वळून आलेली येते. कारखान्याचं ऊसबिल जमा झालं की आठवडाभरात बोलेरो आणि स्कॉर्पिओवाले येतात. त्यांचं ठरलेलं असतं: काळ्यावर लाल, डायमंड शिलाई, कडेच्या शिवणीत जाड पायपिन, हेडरेस्टवर आडनाव किंवा घोडा. डॉक्टर मंडळी येतात ती बेज मागतात आणि वर पुन्हा पारदर्शक कव्हर घालता येईल का असं विचारतात. डाळिंबवाले बागायतदार रंग विचारतच नाहीत, फक्त ‘पुसलं की निघालं पाहिजे’ म्हणतात. एकदा एक तरुण आला, त्याला मागची सीटच काढून हवी होती. हे म्हणाले, बसायचं कुठं? तो म्हणाला, मला वजन कमी करायचंय. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

नंतर समजलं की तसाही एक पंथ असतो. नाशिकला ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ होते ना, त्या गाड्यांचं आतलं रूप कधी बघ. गालिचा नाही, दाराची गादी नाही, मागं सीट नाही. लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि माणसाला आवळून धरणाऱ्या दोन खोल सीटा. त्यांना त्या उघड्या पत्र्यात जे सौंदर्य दिसतं ते तुला-मला दिसणार नाही. त्याच्या अगदी उलटं जपानात. तिथं ‘व्हीआयपी स्टाइल’ म्हणून मोठ्या सेडान गाड्या सजवणारे शौकीन आहेत, ते मागच्या काचांना चुणीदार पडदे लावतात, सीटांमध्ये टेबल बसवतात, कुणी तर छताला झुंबर टांगतं. आणि तिसरे आपले जुन्या गाड्यांवाले. गाडी साठ वर्षांची असेल तर तिच्या सीटचं कापडही साठ वर्षांपूर्वीच्या विणीचंच हवं, नवीन चकचकीत लेदर लावलं की त्यांच्या मते गाडी बाटली. या तिघांना एका खोलीत बसवलं तर तिघंही एकमेकांना वेडे म्हणतील. आणि तिघांचंही गाडीवर तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त प्रेम असेल.

आता मूळ मुद्द्याला येते. तुझ्या नवऱ्याचे वडील वडाप चालवायचे हे तुला माहीत आहे. मोडनिंब ते पंढरपूर, महिंद्राची जीप. पण ती जीप आतून कशी होती हे त्याने तुला कधी सांगितलंय का? मी त्या जीपमध्ये बसलेली आहे. लाल रेक्झीनच्या सीटा, कडेला पिवळी पायपिन. काचेच्या वरच्या अंगाला गोंडे. डॅशबोर्डवर मधोमध विठोबा आणि बाजूला अरणच्या सावता माळ्यांचा फोटो, त्याभोवती बारीक लाल दिव्यांची माळ, ब्रेक दाबला की लागायची. कॅसेटचा टेप आणि मागं पायाशी डब्यात बसवलेला स्पीकर. स्टँडवर चार जीपा उभ्या असल्या तरी बायका आधी त्याच जीपकडे वळायच्या, कारण ती स्वच्छ होती आणि ‘बरी वाटायची’. त्या लाल सीटांवर त्या घराचा किराणा आला, त्याची फी गेली. सुट्टीच्या दिवशी पोरगा ओल्या फडक्याने सीटा पुसायचा आणि त्याबद्दल वडील त्याला पुढं बसवून एक फेरी मारून आणायचे. हे त्याने दाजींना सांगितलं, तुला नाही. का नाही सांगितलं याचा विचार तूच कर. मला वाटतं, तू एकदा कुणाच्यातरी गाडीतले गोंडे बघून ‘टिपिकल वडाप’ म्हणाली होतीस, ते त्याने ऐकलं असणार.

तुला वाटतं तुझी आवड ही आवड आहे आणि त्याची आवड ही सवय आहे. दोन्ही सवयीच आहेत गं. तुझा टॅन तू आकाशातून आणलेला नाहीस. तो तू ऑफिसातल्या मोठ्या साहेबांच्या जर्मन गाडीत बघितलास.

आणि लेदर म्हणजे श्रीमंती, हेही काही कायमचं नव्हतं. सुरुवातीच्या काळातल्या विलायती मोठ्या मोटारी असायच्या ना, त्यांत लेदर असायचं ते पुढं, ड्रायव्हरच्या सीटला. त्याची जागा उघडी, ऊनपाऊस खाणारी, म्हणून टिकाऊ कातडं. मागं मालक बसायचे त्यांच्या सीटा उंची लोकरी कापडाच्या. कातडं नोकराला, कापड धन्याला! आजही जपानमध्ये टोयोटाची ‘सेंच्युरी’ म्हणून गाडी आहे, तिथले सम्राट जिच्यातून फिरतात, तिच्या सीटा लोकरीच्या कापडाच्या असतात. लेदर मागितलं तर मिळतं. कारण सांगतात ते असं की कापड करकरत नाही, थंडीत गार लागत नाही. आणि त्याच देशात कित्येक टॅक्सींच्या सीटांवर पांढऱ्या लेसची अर्धी कव्हरं घातलेली असतात. तुला ती ‘आजीबाईच्या सोफ्यासारखी’ वाटतील. त्यांना ती स्वच्छतेची आणि मानाची वाटतात.

आपल्याकडे तेच काम टॉवेलने केलं. अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर पांढरा टॉवेल दिसला की आत साहेब आहे हे पोराटोरांना कळायचं. सोलापूरच्या टेरी टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तू आमच्या शेती करणाऱ्या अण्णांच्या गाडीतला टॉवेल बघून नाक मुरडतेस तेव्हा हे लक्षात ठेव. अण्णा तो टॉवेल मानासाठी टाकत नाहीत. मेमध्ये इथं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, शेताच्या बांधावर सावली नसते, आणि काळं आर्टलेदर त्या उन्हात तापलं की त्यावर उघडी पोटरी टेकवून बघ. अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचं आपल्यासारखंच तापणारं राज्य आहे, तिथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोजून ठेवलंय: कडक उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीत आतली हवा ४७ अंशांवर जाते, सीट ५१, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. एकोणसत्तर! टॉवेल घाम पितो, चटका अडवतो, संध्याकाळी काढून धुता येतो. तुझ्या टॅन लेदरला यातलं काही जमत नाही.

लेदर म्हणते खरं, पण आमच्याकडं येतं ते बहुतेक आर्टलेदर. नप्पा म्हणून विकतात तेही नव्वद टक्के वेळा कापडाच्या पाठीवर चढवलेलं प्लास्टिकच असतं, हे तुला बहीण म्हणून सांगते, गिऱ्हाईक म्हणून नाही. वाईट असतं असं नाही. चांगल्या प्रतीचं आर्टलेदर वर्षानुवर्षं टिकतं. पण ‘ओरिजिनल’ म्हणून दुप्पट पैसे देऊ नकोस.

मुंबईचं एक उदाहरण देते, मग तुला माझा राग कळेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तू बसलीस ना, त्या जुन्या प्रीमियर पद्मिनीत? ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सी कायमच्या बंद झाल्या. त्यांच्या छताला आतून फुलाफुलांचं प्लास्टिक लावलेलं असायचं, कधी गुलाब, कधी कलिंगडाच्या फोडी, काहीही. शिकलेली माणसं त्याला वर्षानुवर्षं हसली. मग २०१५ मध्ये संकेत अवलानी या तरुणाने ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाचा उपक्रम काढला. नव्या दमाच्या चित्रकारांकडून कापडं काढून घ्यायची आणि टॅक्सीच्या सीटा, दारं, छत सगळं त्याने मढवायचं. रंग कसले तर भडक, अगदी डोळे दिपतील असे. आणि त्याच मंडळींनी ते डोक्यावर घेतलं, परदेशातल्या मासिकांत फोटो आले. मला तो उपक्रम मनापासून आवडला, त्यात शहराच्या गोष्टी होत्या. पण माझ्या मनात एक येतं: टॅक्सीवाल्याने स्वतःच्या पैशाने गुलाब लावले तेव्हा ते गावंढळ, आणि आर्टस्कूलच्या मुलाने लावले तेव्हा ती कला? दोघांनाही आपल्या गाडीत बसणाऱ्याला बरं वाटावं एवढंच तर हवं होतं.

बरं, आता तू म्हणशील ताई त्याच्याच बाजूची झाली. तसं नाही. त्याने दाजींना जी यादी पाठवली ती मी वाचली आहे. त्यातल्या काही गोष्टी आवडीच्या आहेत, त्यांच्याबद्दल तुम्ही दोघं बसून ठरवा. काही गोष्टी आवडीच्या नाहीतच, त्या जिवाच्या आहेत. तिथं तू ठाम राहा, आणि दोष माझ्यावर ढकल. ‘ताई म्हणाली’ असं सांग.

सगळ्यात आधी सीटकव्हर. तुमच्या गाडीला सहा एअरबॅग आहेत. त्यातल्या दोन पुढच्या सीटांच्या कुशीत असतात, बाहेरच्या अंगाला. सीटच्या कडेला एक चिमुकलं लेबल शिवलेलं दिसेल, ‘एअरबॅग’ लिहिलेलं. धडक बसली की ती पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत शिवण फाडून बाहेर येते. वरून कुणी जाड कव्हर दुहेरी शिलाईने आवळून घातलं तर ती बाहेर येणार कुठून? म्हणून एअरबॅगसाठीचं कव्हर वेगळं मिळतं, त्या बाजूला मुद्दाम कच्ची शिवण घातलेली किंवा तिथं मोकळं सोडलेलं. स्वस्तातला शिवणारा ते करत नाही, त्याला ते माहीतच नसतं. तुम्ही पुण्यात करा नाहीतर इथं, पण आधी हे विचारा. आणि एक, तुमच्या पुढच्या सीटांना गार हवेचा पंखा आहे म्हणालीस ना? त्यावर आर्टलेदर चढवलं की भोकं बुजली. पंख्याचे पैसे मोजलेत ते वाया. म्हणजे तुझा टॅन पुढच्या सीटांपुरता तसाही बारगळतो आहे, निदान भोकांचं कापड मधोमध ठेवून शिवून घेतल्याशिवाय.

मग त्याच्या यादीतलं ते स्टिअरिंगवर चिकटवायचं चकाकणारं चिन्ह. खड्यांचं. दिसायला गोड आहे, पण ते नेमकं एअरबॅगच्या तोंडावर बसतं. अमेरिकेच्या रस्तासुरक्षा खात्याने २०२२ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, कारण अपघातात असं चिन्ह उडून एका चालकाचा डोळा गेला होता. एवढं त्याला सांगितलंस की तो स्वतःच ते खोडेल, तो काही वेडा नाही.

पण तूही तुझी यादी बघ. तुळशीबागेतून आणलेला तो पितळेचा गणपती डॅशबोर्डवर दुहेरी टेपने चिकटवायचा म्हणते आहेस. डाव्या बाजूची एअरबॅग त्याच डॅशबोर्डमधून वर उसळते. पितळेचा गणपती तुझ्या सासूबाईंच्या कपाळाच्या दिशेने सुटलेला मला कल्पनेतही नको. ‘साधं, नाजूक, मोजकं’ असं तू सगळ्याला म्हणतेस, पण तुमच्या दोघांच्या याद्यांतली सगळ्यात घातक वस्तू त्याच्या दिव्यांत नाही, तुझ्या त्या मोजक्या गणपतीत आहे. कागदी छोटा फोटो लाव, देवाला चालतं.

सीटबेल्टचं बक्कल अडकवून ठेवायची ती क्लिप त्याने यादीत लिहिली नाही, पण त्याच्या मित्राच्या गाडीत आहे, मी बघितली. बेल्ट न लावता आवाज बंद व्हावा म्हणून. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरला सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्याला धडकली, मागं बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते, दोघंही गेले. पुढच्या वर्षी ग्राहक प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीवाल्यांना ही क्लिप काढायला लावली तेव्हा तिच्या तेरा हजारांवर जाहिराती उतरवाव्या लागल्या. एवढी मागणी! आमच्याकडे कुणी मागितली तर हे म्हणतात, संपली. आमच्याकडे ती कधी नव्हतीच.

काचांची फिल्म: नाही म्हणजे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला काचांवर काळी काय, कोणतीच फिल्म चिकटवायची नाही असं सांगितलं. पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून पन्नास टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, तोही काच कारखान्यातून तशीच बनून आली तर, असं त्या निकालात होतं. ‘साहेब ओळखीचे आहेत’ हे वाक्य मी गल्ल्यावर बसून इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर हसूही येत नाही.

आणि ते जाड डबेदार मॅट. सेव्हन-डी का काय म्हणतात ते. मागं टाका, डाव्या बाजूला टाका. ड्रायव्हरच्या पायाखाली टाकायचं तर ते गाडीच्याच हुकात अडकणारं हवं, आणि एकावर एक दोन कधीच नको. मॅट सरकून अ‍ॅक्सिलरेटरखाली अडकतं या कारणाने २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे अडतीस लाख गाड्यांबाबत मालकांना मॅट काढून टाकायला सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीची झोप एका पायपुसण्याने उडवली.

वायरिंगचं थोडक्यात: तार कापून जोडणारा माणूस दिसला की चावी घेऊन निघा. कपलरला कपलर जोडून काम होतं, मधे फ्यूज असतो. नाहीतर वॉरंटी गेलीच, शिवाय कधी जळका वास येईल ते सांगता येत नाही.

आता दिवे. इथं तुला थोडं गिळावं लागेल. दाराच्या कडेने फिरणारे ते रंगीत दिवे तुला नको आहेत, तुला पांढरा मंद उजेड हवा आहे, आणि त्याला लाल. गंमत अशी की रात्रीच्या हायवेला त्याचंच बरोबर आहे. अंधाराला सरावलेला डोळा पांढऱ्या आणि निळ्या उजेडाने पटकन बिघडतो, लाल उजेडाने सगळ्यात कमी. म्हणून तर विमानांच्या कॉकपिटमध्ये आणि पाणबुड्यांत रात्री लाल दिवे वापरायची पद्धत पडली. आणि तुझ्या साहेबांच्या त्या जर्मन गाड्यांतल्या बीएमडब्ल्यूने कित्येक वर्षं मीटरचे आकडे नारिंगी-तांबड्या उजेडातच ठेवले. तेव्हा लाल ठेवू दे. फक्त कमी करायचं बटण हवं, गाण्याच्या ठेक्यावर उघडझाप करणारा प्रकार नको, आणि समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडत नाही ना हे रात्री बसून बघायचं. दर दुसऱ्या शनिवारी रात्री पुणे-मोडनिंब कोण चालवतं? तोच ना? तू इंदापूरच्या आधीच झोपलेली असतेस.

यावरून माझं एक मत झालेलं आहे, पटलं तर घे. गाडीच्या आतल्या भागाचे अर्धे-अर्धे तुकडे करून दोघांची समजूत काढायला जाऊ नका. टॅन सीटला लाल पायपिन, काळ्या छताला बेज कड, असं करून दिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यात कुणाचंच मन रमत नाही. त्यापेक्षा वाटणी करा. रोज हिंजवडीच्या त्या रांगेत दीड तास तू बसतेस, तेव्हा सीट, आर्मरेस्ट, स्टिअरिंगचं कव्हर हे तुझं. रात्रीचा लांबचा प्रवास त्याचा, तेव्हा दिवे आणि गाणी त्याची. स्पीकर-अ‍ॅम्पमध्ये तू नाक खुपसायचं नाही, दारांच्या आत डॅम्पिंग करतोय तर करू दे. त्याने रस्त्याचा आवाजही कमी होतो, तुझ्याच झोपेची सोय. आणि त्याला सीटमध्ये लाल हवाच असेल तर मागची सीट पूर्ण त्याच्या मनाची होऊ दे. मागं लाल, पुढं टॅन. लोक काय म्हणतील? म्हणू दे. पुढं बसल्यावर तुला ती दिसत नाही, आणि आरशात दिसली तर तो मागं बसून आपल्या वडिलांसोबतच्या फेऱ्या आठवत असेल असं समज.

टॅनचंही एक सांगून ठेवते. फिकट सीटवर नव्या जीन्सचा निळा रंग उतरतो आणि निघत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात चपलेला चिकटून येते ती वेगळीच. तेव्हा अगदी फिकट टॅन नको, थोडा गडद, भाजलेल्या भुईमुगाच्या सालीच्या रंगाचा घे.

सासूबाईंचा विचार तुम्ही दोघांनीही केलेला नाही. त्या नऊवारी नेसतात. गुळगुळीत आर्टलेदरवर नऊवारी घसरते, ब्रेक दाबला की माणूस पुढं जातो. त्यांच्या गुडघ्यांना खोल, कडेला उंच असलेल्या सीटमध्ये बसणं-उठणं जड जातं. त्याच्या आवडीच्या फुगीर ‘स्पोर्ट्स’ सीटमध्ये त्या एकदा बसल्या की दोघांनी हात धरून काढावं लागेल. मागच्या सीटची कड सपाट ठेवायला सांगा, आणि हो, त्या टॉवेल टाकतील. टाकू दे.

पैशांचं. तुझा हात मोकळा आहे, मला माहीत आहे, म्हणून सांगते. गाडी ताब्यात घेताना शोरूममध्येच सगळ्या अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज गळ्यात मारतात, ते तुम्ही घेतलं नाहीत ते फार बरं केलंत. आता घाई करू नका. सीटकव्हर चार-पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत मिळतं, आणि फरक रंगात नसून फोम आणि शिलाईत असतो. आधी मॅट आणि दिवे करा. सीटा एक उन्हाळा तशाच वापरा. पाठ कुठं दुखते, घाम कुठं येतो ते गाडीच सांगेल. आणि कृपा करून शोरूमचं प्लास्टिक सीटवरून काढ. नवेपणा टिकवायला म्हणून लोक वर्ष-वर्ष ठेवतात, त्यात घामाने पाठ भिजते, आणि आतल्या प्लास्टिकची वाफ उन्हात बाहेर येऊन समोरच्या काचेवर आतून तेलकट थर धरतो. तो थर रात्री समोरून दिवे आले की डोळ्यांसमोर पसरतो. काच पुसायची ती आतूनही पुसायची असते, हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं.

एक राहिलंच. त्याच्या मित्राने मागच्या तीन माणसांच्या जागी दोन आरामखुर्च्या बसवायची कल्पना काढली आहे ना, मुंबई-पुण्यात दिलीप छाब्रियांच्या ‘डीसी’ने इनोव्हाला करून दिल्या तशा? नेत्यांना शोभतं ते. आरसीवर आसनांची संख्या लिहिलेली असते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाही, आणि वर विम्यावालाही अपघातानंतर त्यावर बोट ठेवू शकतो. त्या नादाला लागू नका, तुमच्या त्या छोट्या गाडीत आरामखुर्ची घातलीत तर दार मिटायचं नाही.

आता ऐक, त्याच्याशी बोलताना माफी-बिफी मागत बसू नकोस, त्याला अवघडल्यासारखं होईल. नुसतं विचार, ‘तुमच्या जीपमध्ये त्या विठोबाभोवतीचे दिवे ब्रेकला कसे जोडले होते रे?’ तो तासभर बोलेल. त्याला वायरिंग पाठ आहे. तुला झोप आली तरी हूं हूं करत राहा.

मग सीटांची वेळ आली की दोघं या, एकत्रच या, तो एकटा येतो म्हणाला तर येऊ देऊ नकोस. वरवड्याच्या टोलआधी फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघा, मागच्या वेळी मागच्या ट्रकवाल्यांनी किती हॉर्न वाजवले होते. गाडीचं ते जाड माहितीपुस्तक आणा. एअरबॅग कुठं कुठं आहेत याचं चित्र त्यात असतं, दाजींना ते बघून कापायचं आहे. रंगाचे तुकडे मी काढून ठेवते, पण दुकानातल्या ट्यूबखाली ठरवायचं नाही. दुपारी बाहेर उन्हात सीटवर टाकून बघा, मग हात लावून बघा किती तापतात ते, आणि रात्री त्याच्या लाल दिव्यात पुन्हा एकदा. सासूबाईंना घेऊन या, त्यांना पुढं-मागं दोन्हीकडं बसवून उठवून बघू. फक्त रंग त्यांना विचारू नका. त्या मोरपंखी म्हणणार, आणि मग तुम्हा दोघांचं लग्नानंतर पहिल्यांदा एकमत होईल.